थंड न झालेला नमुना

माझी बहीण सत्यशीला माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी राजानंद. भोकरदनला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. ताईबद्दल आमच्याकडं लोक दोन गोष्टी सांगतात. एक, तिनं पुण्यात मोठं संशोधन केलं. दुसरी, ते संशोधन खोटं निघालं. दोन्ही अर्धवट आहेत. पूर्ण काय ते मला आणि मायलाच माहीत आहे, म्हणून लिहितो.

आमचे आबा, तातेराव, जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होते. काचेची भांडी धुवायची, तारा गुंडाळायच्या, सर मागतील ते कपाटातून काढून द्यायचं. घर एका खोलीचं, म्हणून शाळा सुटल्यावर ते ताईला प्रयोगशाळेतच अभ्यासाला बसवायचे. आबांना शास्त्र येत नव्हतं, पण पोरं प्रयोग न करता मागच्या वर्षीच्या वहीतून रीडिंग उतरवतात हे त्यांच्या बराबर ध्यानात यायचं. तेवढ्या एका गोष्टीवरून मी त्यांना पोरांवर ओरडताना पाहिलंय. एरवी ते कोणाशी वर आवाजात बोलले नाहीत.

ताई जालन्याला बी.एस्सी., संभाजीनगरला एम.एस्सी. झाली, फेलोशिप मिळाली आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत गेली. सहा वर्षं तिथं होती. मी एकदा तिला भेटायला गेल्तो तेव्हा तिनं मशीन दाखवलं. माणसाहून उंच पिंप, भोवती नळ्यांचं जंजाळ.

"ह्याचा कॉम्प्रेसर कुठं हाय?" मी विचारलं.

ती हसली. "तुझ्या फ्रीजसारखं न्हाई ते. हेलियमवर चालतं."

दोन हजार अठराला तिचा पेपर बाहेरच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. पुढच्या वर्षी डिग्री मिळाली. घरी आली तेव्हा आबांनी तिला ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "लोक विचारून राह्यले मला, पोरीनं काय शोधलं म्हणून. मला समजंल असं सांग."

ताईनं सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

"आबा, अर्धवाहक म्हणून एक पदार्थ असतो. मोबाईलमधी असतो तसा, पण वेगळ्या जातीचा. त्याच्या दोन थरांच्या मधी इलेक्ट्रॉन कोंडायचे. त्यांला वरखाली जाता येत न्हाई, नुसतं सपाटीवर पळता येतं. मंग तो तुकडा लई थंड करायचा आणि जबरदस्त चुंबकात ठेवायचा. वीज लांबीनं सोडायची आणि व्होल्टेज आडवं मोजायचं. चुंबक वाढवत गेलं की तो आडवा रोध सरळ वाढायला पायजे. पण न्हाई वाढत. जिन्यासारखा चढतो. एक पायरी सपाट, मंग चढ, मंग पुन्हा सपाट. आणि पायरीचा आकडा जगात कुठंबी मोजा, तोच येतो."

"मंग तो माल बिलकुल शुद्ध असंल," आबा म्हणाले.

"तसंच वाटतं. पण एकदम शुद्ध केला तर पायरी दिसतच न्हाई. थोडी अशुद्धी लागते. त्या खाचखळग्यांत बरेच इलेक्ट्रॉन अडकून बसतात, म्हणून पायरीला रुंदी येते. अशुद्धी लई झाली तर मात्र सगळंच जातं."

"आन् थंड कशाला करायचं?"

"गरमीनं अडकलेले इलेक्ट्रॉन उड्या मारतात. पायरीच्या कडा गोल होतात. जितकं थंड करावं तितकी कड तीक्ष्ण होते, त्याचा नियम ठरलेला हाय. पण माझ्या नमुन्यात एका जागेच्या खाली कितीबी थंड केलं तरी कड तीक्ष्ण व्हायची थांबली. कोणाला असं दिसलं नव्हतं. त्यातल्या अशुद्धीची ठेवणच तशी हाय, असं आम्ही मांडलं."

आबांनी थोडा विचार केला. "म्हंजे थांबली, हे तू शोधलं."

"हां."

"रीडिंग तू स्वतः घेतले?"

"सगळे."

त्या वर्षीच्या जयंतीला आबांनी विहारासमोर तिच्या नावाचं बॅनर लावलं. पुढं वर्षभर कोणी भेटलं की ते सांगायचे, थांबली हे माझ्या पोरीनं शोधलं.

ताईला कायमची नोकरी काही मिळाली नाही. भरती बंद होती, मग कोरोना आला. ती इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. तिचे गाईड सर अधूनमधून फोन करायचे. तिच्या जागी त्यांनी साक्षी नावाची एक मुलगी घेतली होती. कुंभार पिंपळगावची, ताईसारखीच मराठी शाळेतून गेलेली. ताईचं काम पुढं न्यायचं, जास्त नमुने घेऊन तीच थांबलेली कड दाखवायची, हे तिचं काम.

साक्षीचा फोन पहिल्यांदा आला तो तेवीस सालच्या फेब्रुवारीत. ताईनं स्पीकरवर ठेवला होता, मी तिथंच जेवत होतो.

"ताई, माझी कड थांबतच न्हाई. थंड केलं की तीक्ष्ण होत जाते, शेवटपर्यंत. तीन नमुने झाले. सर म्हणतात तुला मोजताच येत न्हाई. सगळ्यांसमोर म्हणले, सत्यशीलाचा हात बघ आणि तुझा बघ."

"पुन्हा मोज," ताई म्हणाली. "वायरी तपास. घाबरू नको."

पोरगी रडत होती. ताईनं तिला धीर दिला, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "जल्दी करत असंल. सुरुवातीला सगळ्यांचं होतं."

एप्रिलात मला एका दूध संकलन केंद्राचं काम आलं. मोठ्या टाकीतलं दूध दोनदा नासलं होतं आणि मीटर तर चार अंश दाखवत होता. मी दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा ताई तिथंच होती, कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या.

"मीटर खराब निघाला का?" तिनं सहज विचारलं.

"मीटर एकदम चांगला. सेन्सर आपल्या जागेवरून घसरून थंड नळीला टेकला होता. तो त्याची स्वतःची थंडी सांगून राह्यला, दुधाची न्हाई. दूध आपलं वर कोमटच."

ताईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मी दोनदा हाक मारली. मग ती उठली, हात न धुता आतल्या खोलीत गेली आणि लोखंडी पेटीतून तिच्या पुण्याच्या वह्या काढून बसली. तिसऱ्या दिवशी तिनं साक्षीला फोन केला. एकच प्रश्न विचारला, "नमुना बसवायला तू कोणतं सॉकेट वापरते?"

"नवं, ताई. तांब्याचं. तुमचं प्लास्टिकवालं मी यायच्या आधीच तुटलं होतं."

ताईनं बरं म्हणून फोन ठेवला.

त्या आठवड्यात तिनं मला एक पान दाखवलं. तिच्याच अक्षरात, दोन हजार सतराचं. शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांवर थंडीचं टोक येतं, त्याहून थंड काही नसतं. तिचं मशीन इतकं खाली जायचं की त्या टोकाला अंशाचा तिसावा भागच उरायचा. पण ते दाखवणारा थर्मामीटर बसवला होता तांब्याच्या प्लेटीवर. नमुना त्या प्लेटीवर प्लास्टिकच्या सॉकेटात बसायचा, आणि बाहेरच्या गरम जगातून येणाऱ्या तारा सरळ त्याला जोडलेल्या. त्या पानावर तिनं लिहिलं होतं की एके दिवशी थंडी बंद केली, दहा मिनिटांत प्लेट त्या टोकापासून पूर्ण एक अंश वर आली, पण पायरीची कड चाळीस मिनिटं हललीच नाही. प्लेट तापली तर कड लगेच गोल व्हायला हवी होती. समासात तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: का? त्याच्यापुढं काही नाही. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवसाचे रीडिंग.

"प्लेट थंड होत होती," ताई म्हणाली. "नमुना अंशाच्या पाचव्या भागावर अडकून बसला होता. त्याच्या खाली तो कधी गेलाच न्हाई. कड थांबली न्हाई राजा, नमुना थंड व्हायचा थांबला."

"म्हंजे त्या पोरीचं बराबर हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं, ती आता लगेच साक्षीला फोन लावील. तिनं सरांना लावला. सर शांतपणे बोलत होते, मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "सत्यशीला, एका पानावरून कोणी पेपर मागे घेत नाही. शंका सगळ्यांनाच येतात. जूनमध्ये तुझी मुलाखत आहे ना? मी शिफारस दिली आहे. आधी ते होऊ दे. आणि साक्षीचं म्हणशील, तर ती मुलगी या कामासाठी नाहीच."

मुलाखत जालन्याच्या एका कॉलेजात कायमच्या जागेची होती. ताईचं वय छत्तीस झालं होतं, अशी जागा पुन्हा निघेल याची खात्री नव्हती. ती मला म्हणाली, मुलाखत झाली की लिहिते. मुलाखत झाली, निवड झाली. मग म्हणाली, रुजू झाले की लिहिते. रुजू झाली, रोज बसनं जालन्याला जाऊ-येऊ लागली. ऑगस्टात आबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मग म्हणाली, आबा थोडे सुधरू दे. मीही म्हटलं, बरोबर आहे. हे मी लपवत नाही. मी तिला एकदाही म्हटलं नाही की त्या पोरीला तरी सांग.

साक्षीचे फोन येत राहिले. ताई ते उचलायची. काय तपासायचं ते सांगायची, वायरी, पंप, चुंबक. जे तपासायला नको होतं तेवढंच. दिवाळीनंतर फोन बंद झाले. फेब्रुवारीत मेसेज आला. ताईनं तो मला वाचायला दिला, स्वतः वाचून दाखवला नाही.

"ताई, मी डिसेंबरातच सोडलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली न्हाई. तुम्ही लई समजून सांगितलं, पण माझा हातच तसा न्हाई. जय भीम."

मी मोबाईल परत दिला. ताई खुर्चीवर बसून होती. माय तिथंच आबांचं अंग पुसत होती, तिनं विचारलं काय झालं. ताई म्हणाली, "मी एका पोरीला मारलं, माय." माय घाबरली. मला सगळं समजावून सांगावं लागलं.

मार्चच्या सुरुवातीला ताईनं नियतकालिकाला पत्र लिहिलं. त्या पानाचा फोटो जोडला. चूक माझी, ती मला सात वर्षांपूर्वी दिसली होती आणि मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही, असं सरळ लिहिलं. साक्षीचे रीडिंग बरोबर आहेत हेही लिहिलं. पाठवलं, आणि त्या शनिवारी मला म्हणाली, "तू चल माझ्यासंग जालन्याला. तिला तोंडानं सांगायचंय."

साक्षी तेव्हा जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत उगवण तपासायच्या खोलीत कामाला लागली होती. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर बिया ठेवायच्या, पंचवीस अंशाच्या कपाटात ठेवायच्या आणि आठव्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं. आम्ही गेलो तेव्हा ती पांढरा कोट घालून कोंब मोजत होती. बारीक चणीची, चष्मा. ताईला पाहून आधी खुलली. आम्हाला स्टुलावर बसवलं.

ताईनं सगळं सांगितलं. सॉकेट, पान, समासातला प्रश्न. साक्षी ऐकता ऐकता हसायला लागली होती. "म्हंजे माझं बराबर होतं? ताई, माझं बराबर होतं?"

"पूर्ण बराबर होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

ताई म्हणाली, "मागच्या एप्रिलात."

साक्षीनं बोटांवर मोजलं, एप्रिल, मे, जून. शेवटाला पोचली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. "अकरा महिने, ताई? मी तुम्हाला सप्टेंबरात फोन केल्ता. मी म्हणले, मला जगावं वाटून न्हाई राह्यलं. तुम्ही म्हणले, पंप बदलून बघ."

ताई स्टुलावरून उठून उभी राहिली.

"सर तर सरच होते. पण मी तुमच्यावर इस्वास ठेवला. आपल्यातली हाय म्हणून ठेवला."

"तू परत जा," ताई म्हणाली. "मी लिहून देते. डायरेक्टरला भेटते."

"कुठं जाऊ? फेलोशिपची मुदत सरली. नाव काढून घेतलं माझं. माझ्या बापाला सांगितलं, माझ्यानं झालं न्हाई. अख्ख्या पिंपळगावला ठाव हाय, माझ्यानं झालं न्हाई." मग ती उठली आणि कपाटाचं दार उघडून आत बघितलं. "इथं मी दोन थर्मामीटर लावते. एक कपाटाचा, एक बियांच्या कागदात खुपसलेला. पहिल्या दिवसापासून लावते. मला कोणी शिकवलं न्हाई." आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही जा आता, माझं काम राह्यलंय."

परतताना ताई मागं बसली होती. राजूरला मी गाडी थांबवून चहा घेतला. तिनं घेतला नाही.

ऑगस्टात पेपर मागे घेतल्याची नोंद छापून आली. सरांनी चौकशी समितीला सांगितलं की ते पान त्यांना कधी दाखवलंच नव्हतं. तेही खरं होतं. सतरा साली तिनं ते दाखवलं नव्हतं, आणि तेवीसच्या फोनचा पुरावा काय? समितीनं सगळी जबाबदारी ताईवर टाकली. डिग्री काढून घेतली नाही, पण तिच्यावरचा निर्णय राखून ठेवला, तो अजून राखलेलाच आहे. जालन्याच्या कॉलेजात कोणीतरी निनावी पत्र पाठवलं. ताईचं प्रोबेशन चालू होतं, त्यांनी तिला कायम केलं नाही. स्टाफरूममध्ये एक जण तिच्या पाठीमागं म्हणाला, ह्या लोकांना घ्यायचं आणि मग हे असं. तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. सरांना मात्र त्याच वर्षी नवीन मशीन मंजूर झालं.

आबांना सांगायचं राहिलं होतं. माय म्हणाली, त्यांला कशाला, दोन दिवसांचे सोबती. ताई ऐकेना. एका दुपारी ती त्यांच्या खाटेशी बसली आणि सुरुवातीपासून सांगायला लागली. ओट्यावर सांगितलं होतं तसंच, पायऱ्या, कड, अशुद्धी. मग प्लेट आणि सॉकेट. मग ते पान. मग साक्षी. मी दारात उभा होतो. आबांचे डोळे तिच्यावरच होते, सगळं समजत होतं त्यांना, लकव्यानं फक्त वाचा गेली होती. ती बोलायची थांबली तेव्हा त्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं तिच्या डोक्यावर ठेवतील. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्यांनी चादर ओढली आणि भिंतीकडं तोंड केलं.

ताई संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होती. त्यांनी तोंड फिरवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून पेज मात्र घेतली. आबा ऑक्टोबरात गेले. त्या हाताचा अर्थ काय होता, ह्यावर मी आणि माय पुष्कळदा बोललो. माय म्हणते, तो आशीर्वाद होता, हात पोचला नाही. मला तसं वाटत नाही. ताईला आम्ही विचारलेलं नाही.

आता ताई पुन्हा इथल्याच कॉलेजात तासिकेवर शिकवते. मागच्या वर्षी तिनं एक काम केलं. साक्षीचे रीडिंग, जेवढे साक्षीनं आधी तिला मेलवर पाठवले होते तेवढे, नीट मांडून एक पेपर लिहिला. नाव एकट्या साक्षीचं. कोणत्या तऱ्हेच्या अशुद्धीत कड किती थंडीला किती तीक्ष्ण होते, आणि ती शेवटपर्यंत थांबत नाही, एवढंच त्यात आहे. साक्षीला पाठवला. दोन महिने उत्तर नाही. मग फाईल परत आली, तिच्यात तापमानाच्या रकान्यातले तीन आकडे दुरुस्त केलेले. वर काही लिहिलेलं नाही. दुरुस्ती बरोबर होती, ताई म्हणाली.

पेपर साक्षीनं स्वतः पाठवला. तपासणाऱ्यांनी सांगितलं, काम चांगलं आहे, पण आणखी दोन नमुन्यांचे रीडिंग हवेत. त्यासाठी मशीन लागतं. मशीन पुण्याला आहे, नमुनेही तिथंच, सरांच्या कपाटात. ताईनं चार ठिकाणी पत्रं लिहिली. दोघांनी उत्तर दिलं, हेलियम नाही. एकानं लिहिलं, नमुना घेऊन या, बघू. ताईनं नमुन्यासाठी सरांना लिहिलं. उत्तर आलं नाही.

परवा माय भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "ती पिंपळगावची पोरगी बोलती का तुला आता?"

"न्हाई," ताई म्हणाली.

"मंग तू बोलत जा."

"बोलते की. दर रविवारी मेसेज करते. कुठं पत्र लिहिलं, काय उत्तर आलं."

"आन् ती?"

"वाचते," ताई म्हणाली, आणि मायच्या पुढ्यातली मेथीची जुडी ओढून निवडायला लागली.